मार्फत सुंदरराव

१

पत्र आलं होतं. कुणीतरी ते उघडूनही पाहिलं होतं. आणि जिच्यासाठी आलं होतं, तिला अठरा दिवस त्याची गंधवार्ता नव्हती. अडतीस वर्षं गावचं टपाल वाटलेल्या रतनबाईंचं डोकं इथंच तापलं.

"फोनवर काय म्हणले ते जसंच्या तसं सांग," त्या म्हणाल्या. "तुझ्या मनातलं मधी घालू नको."

उज्ज्वला ओट्यावर बसली होती. हरिबा मेंढपाळाची ही लेक. मेंढ्यांच्या मागं हिंडत हिंडत पशुसंवर्धनाची पदविका पहिल्या वर्गात काढलेली. 

"काल सुंदररावांच्या सायलीला दूध संघातून फोन आला, मावशी. जागा रिकामी हाय, येता का म्हणून. ती वेटिंगवर हुती. मंग मी आज सकाळी संघात फोन लावला. साहेब म्हणले, तुमचं नाव पहिल्या यादीत हुतं. पाच तारखेला मेल केला, सोळापर्यंत होकार पायजे हुता. तुमी काय कळवलंच न्हाई."

"मेल पोचलाच नसंल."

"मीबी तेच म्हणले. तर म्हणले, पोच आलीय. सहा तारखेला सकाळी धा चाळीसला तुमच्या पत्त्यावर मेल उघडलाय. आमच्याकडं नोंद हाय."

पोच म्हणजे काय, हे रतनबाईंना गावात कुणी शिकवायची गरज नव्हती. रजिस्टर पत्राची पोच आली म्हणजे पत्र माणसाच्या हातात पडलं. त्यावर वाद नाही.

"आन् एक म्हणले साहेब," उज्ज्वला पुढं म्हणाली. "कंप्युटर बिघडला, प्रोग्रामनं मेल खाल्ला, हे चालणार न्हाई. पण दुसऱ्याच माणसानं उघडला आन् मला दिला न्हाई, असं त्या माणसानं सहीनिशी लिहून दिलं, तर शनिवारी दुपारपर्यंत जागा धरून ठेवतो. त्याच्यानंतर सायली."

आज गुरुवार. हातात दोन दिवस. आणि नोकरी गेली तर या पोरीचं काय होणार, ते रतनबाईंना पक्कं ठाऊक होतं. घरी साटंलोटं ठरत होतं. तेहतीस वर्षांच्या अंगदला, तिच्या भावाला, पोरगी मिळत नव्हती. समोरच्यांनी सांगितलं होतं, तुमची आमच्याकडं द्या, आमची तुमच्याकडं घ्या. समोरचा नवरदेव चाळिशीला आलेला, दारूत बुडालेला. नोकरी लागली तर उज्ज्वला सुटणार होती. घरच्यांनीही तोंडानं कबूल केलं होतं, की नोकरी लागली तर बघू.

मेल गेला होता सुंदररावांच्या घरच्या कंप्युटरवर. त्यालाही कारण होतं. दिवाळी झाली की मेंढपाळांची घरं बंद व्हायची, माणसं मेंढ्या घेऊन सात-आठ महिने लांब जायची. त्यांची पत्रं मग 'मार्फत सुंदरराव' यायची. गावातलं मोठं घर, दार कधी बंद नाही. कागद जाऊन इमेल आला, तरी रीत तीच राहिली. अर्ध्या गावाच्या अर्जांवर सुंदररावांच्या घरचाच इमेल असायचा.

उज्ज्वला मात्र अर्ज भरताना म्हणाली होती, मावशी, मी माझा वेगळा पत्ता काढते, फुकटच असतो. तेव्हा 'कशाला नसता उपद्व्याप, हाय ना सुंदररावांचा' असं तिला सांगणारी बाई दुसरी कुणी नव्हती. रतनबाईच होत्या.

२

सुंदररावांनी चहा मागवला. पंचायत समितीच्या निवडणुका तीनदा जिंकलेला माणूस, घरी आलेल्याला चहाशिवाय शिवी पण देत नसे.

"रतनबाई, तुमी माझ्या पोरीवर आळ घ्यायला आलाव का?"

"मी पत्र हुडकायला आले."

"मंग त्या डबड्याला इचारा." त्यांनी कोपऱ्यातल्या कंप्युटरकडं बोट केलं. "महिनाभर घरात दुसरी गोष्ट न्हाई. ह्याला इमेलचा विकतचा प्रोग्राम पायजे, तिला फुकटचा. म्या म्हणलं, फुकट मिळतंय तर पैसे कावून घालायचे, कशापायी? तर हा म्हणतो, फुकटचं मेल खातंय."

'हा' म्हणजे थोरला हनुमान. तो लगेच सरसावला. "खरंच खातंय, मावशी. सायलीच्या जुन्या प्रोग्राममधी मेल कधी येतंय, कधी न्हाई. म्हणून तर म्या गेल्या वीस तारखेला विकतचा बसवला. तीस दिवस वापरून बघा म्हणतेत, मंग पैसे. आता मुदत संपली, तर अण्णा पैसे देईनात. उघडतबी न्हाई तो आता."

सायली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. उज्ज्वलाच्याच वर्गातली. तिचे डोळे सुजले होते.

"मलाबी मेल आला न्हाई, मावशी. वेटिंगचा. मला तर फोनवरच कळालं. मी तिचं पत्र दाबलं अस्तं, तर स्वतःचंबी दाबलं अस्तं का?"

हे रतनबाईंना पटलं, आणि त्याच वेळी पटलंही नाही. लबाड माणूस हेच सांगणार. त्यांनी खुर्ची ओढली.

"सायले, तुझा फुकटचा प्रोग्राम उघड. आन् ह्यातून पोच कशी जाती ते दाव मला."

"जातच न्हाई. ह्याच्यात म्या ते पहिल्या दिवसापसनं बंद केलंय. लई कटकट असती."

"आन् विकतच्यात?"

उत्तर हनुमाननं दिलं. "विकतचा इचारतो. समोरच्याला पोच पायजे, पाठवू का? हो दाबलं की गेली."

म्हणजे पोच गेली ती विकतच्या प्रोग्राममधून. फुकटच्यानं काही खाल्लं नव्हतं. एका पेटीवर दोन पोस्टमन लावले होते या शहाण्यांनी. जो आधी येईल तो सगळं टपाल उचलून आपल्या थैलीत टाकणार, दुसऱ्याला पेटी रिकामी. आणि दुसऱ्यानं बोंबलायचं की पेटीला भोक आहे.

"विकतचा कोण कोण उघडत हुतं?"

"मी," हनुमान म्हणाला. "आन् अंगद. अण्णांची पत्रं टाइप करायला म्या शिकवलं त्याला."

अंगद सुंदररावांच्या जीपवर ड्रायव्हर होता. बाहेर काच पुसत होता, हाक मारताच आत आला आणि दाराशीच उभा राहिला.

"सहा तारखेला सकाळी कोण हुतं घरात?" रतनबाईंनी विचारलं.

"मी कड्याच्या बाजाराला गेलतो, मोटारसायकलवर," हनुमान म्हणाला. "निघालो धाच्या सुमाराला. साडेधा म्हणा."

"मी परळीला. पेपर हुता," सायली.

"मी जीप धूत हुतो," अंगद म्हणाला. "मावशी, मला दिसलं अस्तं तर मी नाचत गेलो नस्तो का घरी? माझ्या बहिणीचं पत्र हाय ते."

सुंदररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि रतनबाईंकडं असं पाहिलं, की आता पुरे.

पुरे कसलं. दहा की साडेदहा, हे हनुमाननं दोनदा वेगळं सांगितलं होतं. आणि आपल्या बहिणीला, सायलीला, नोकरी लागावी असं कुठल्या भावाला वाटणार नाही?

"तो विकतचा उघडायचा," त्या म्हणाल्या. "पत्र त्याच्यातच हाय."

"पैसे भरल्याबिगर उघडत न्हाई, आन् मी भरणार न्हाई," सुंदरराव म्हणाले. "इषय संपला."

३

पैसे सायलीनं भरले. मोबाईल काढला, बापाच्या समोर उभी राहिली आणि भरून मोकळी झाली.

"उद्या मी नोकरीला गेले तर गाव म्हणंल, मेंढक्याच्या पोरीचं पत्र दाबून गेली. मला तसलं नगं, अण्णा."

सुंदरराव चुळबुळत राहिले. लेकीच्या वाट्याला येणारी नोकरी लेकच हातानं घालवायला निघाली होती, आणि चारचौघांत तिला थांबवता येत नव्हतं. विकतचा प्रोग्राम उघडला. हनुमान माउस फिरवायला लागला, तेव्हा रतनबाईंनी त्याचा हात बाजूला सारला.

"तू नको. सायले, तू बस. पाच तारखेचं काढ."

पाच तारखेला तेवीस मेल आले होते. खताची जाहिरात, बँक, कुणाच्या विम्याचं. बहुतेक सगळे न उघडलेले, ठळक अक्षरांत. त्यात दूध संघाचा एक मेल होता. पाठवणाऱ्याचं नाव आणि शेजारी एवढंच, 'आपल्या अर्जासंदर्भात, क्र. ४२२'.

"हा माझा," सायली म्हणाली. "मी बघितलाच न्हाई हा."

खरंच तो कुणीच पाहिला नव्हता. अक्षरं ठळकच होती.

"आता कचऱ्याची टोपली उघड."

टोपलीत एकच मेल होता. पाठवणारं तेच, मजकूर तोच, आकडा वेगळा. 'क्र. ४१७'. हा उघडलेला होता, आणि उघडून टोपलीत टाकलेला. सायलीनं तो वाचला तशी मान खाली घातली. उज्ज्वलाचं नेमणुकीचं पत्र होतं ते, पगार, राहायची खोली, रुजू व्हायची तारीख, सगळ्यासकट.

"झालं तुमचं समाधान?" सुंदरराव म्हणाले. "सापडलं ना? आता कुणी उघडलं ते देवाला माहीत."

रतनबाई पडद्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या हातांखालून आयुष्यात लाखभर पाकिटं गेली असतील. पाकिटावर नाव नसलं की ते कुणाचं, हे ओळखायला माणसाला काहीतरी लागतं. इथं दोन पाकिटं एका रंगाची, एका हाताची, शेजारी-शेजारी. नाव दोन्हींवर नाही. त्यातलं एक फोडलं, दुसऱ्याला हात नाही लावला.

"हनुमान, तुझ्या बहिणीचा अर्ज क्रमांक काय?"

"मला काय माहीत?"

"सायले, उज्ज्वलाचा क्रमांक तुला माहीत हुता?"

"न्हाई ओ. तिनं फॉर्म तुमच्यासंगं परळीला जाऊन भरला. मला माझाच माहीत हाय."

मग हिशेब सरळ होता. सायलीनं उघडलं असतं, तर आधी स्वतःचं ४२२ फोडलं असतं. हनुमाननं किंवा सुंदररावांनी उघडलं असतं, तर कुठलं कुणाचं हे कळायला दोन्ही फोडली असती. ज्यानं फक्त ४१७ फोडलं, त्याच्याकडं ४१७ हा आकडा आधीपासून होता. तो याच एका पत्राची वाट बघत बसला होता.

आकडा फक्त एका पावतीवर होता. परळीहून आल्यावर रतनबाईंनी ती पावती प्लास्टिकमध्ये घालून दिली होती. कुणाच्या हातात दिली, ते त्यांना आठवलं. त्यांनी मान वर केली तेव्हा दारात अंगद नव्हता.

४

हरिबांचा तळ माजलगावच्या अलीकडं एका शेतात पडला होता. शेतकऱ्यानं लेंडीखतासाठी मेंढ्या बसवून घेतल्या होत्या. रतनबाई आणि उज्ज्वला शुक्रवारी दुपारी वडापच्या जीपनं तिथं पोचल्या, तर अंगद आधीच येऊन बसला होता. बायडाबाई, दोघांची आई, चुलीवर भाकरी थापत होती. तिनं या बसा म्हटलं नाही.

उज्ज्वलाला वाटेत रतनबाईंनी काहीच सांगितलं नव्हतं. ती भावाला पाहून म्हणाली, "दादा, सापडलं पत्र. कुणीतरी मुद्दाम टाकलंय टोपलीत."

अंगद मातीत काडी ओढत राहिला.

"हरिबा," रतनबाई म्हणाल्या, "उज्ज्वलाची पावती दावा."

हरिबांनी कमरेची पिशवी काढली. रेशनकार्ड, आधार, मेंढ्यांच्या लसीचे कागद, सगळं तिच्यात. झोपतानाही ती उशाला. बायकोलाही हात लावू देत नसत. त्यांनी प्लास्टिकमधली पावती पुढं केली. वाचता येत नसलं तरी कुठला कागद कुठं आहे, ते त्यांना बोटांनी कळायचं.

"ह्याच्यावर एक नंबर हाय. सुंदररावांच्या घरी ज्यानं पत्र उघडलं, त्याला तो माहीत हुता. ही पावती माझ्या हातातनं थेट तुमच्या हातात आली. अंगदला नंबर कुणी दिला?"

चुलीतलं लाकूड तडतडलं. उज्ज्वला एकदा भावाकडं, एकदा बापाकडं बघायला लागली. तिला आत्ता कळत होतं, आणि ते कळताना तिच्याकडं बघवत नव्हतं.

"आबा, तुमी दिला?"

"दिला," हरिबा म्हणाले. ते खोटं बोलणारे नव्हतेच कधी. "म्या म्हणलं, नंबर लिहून घे. पत्र आलं तर आधी मला सांग."

"मंग?"

"मंग सांगितलं त्यानं. पयल्या यादीत नाव हाय म्हणला."

"आन् तुमी काय म्हणलाव?"

हरिबांनी पिशवीची दोरी परत कमरेला गुंडाळली. "राहू दे म्हणलं."

५

पुढं जे झालं त्यात आरडाओरडा नव्हता. तो असता तर रतनबाईंना बरं वाटलं असतं.

"तिचं काय, पुन्यांदा अर्ज करील," बायडाबाई म्हणाली. "ह्याचं वय पुन्यांदा येणार हाय का? मेंढपाळाला आजकाल पोरगी कोण देतंय? तुमी देता का आणून?"

"तिला कोणत्या दारुड्याच्या गळ्यात बांधायलाव ते बघा," रतनबाई म्हणाल्या. "मेंढी इकताना तरी गिऱ्हाईक बघता तुमी."

त्यांनी कोरा कागद आणि पेन अंगदपुढं ठेवलं. दोन ओळी लिहायच्या. पत्र मी उघडलं, बहिणीला दिलं नाही, तिची चूक नाही. खाली सही. उद्या दुपारपर्यंत मुदत.

अंगदनं बहिणीला विचारलं, "सही केली तर तू जाणार?"

"जाणार."

"मंग लग्न?"

"न्हाई करणार, दादा."

"मंग मी सही कावून करू?"

रागानं नाही म्हणाला तो. रस्ता विचारावा तसं विचारलं. उज्ज्वला उठली आणि मेंढ्यांभोवतीच्या जाळीपाशी, वाघरीपाशी जाऊन उभी राहिली.

रतनबाई तिच्या मागं गेल्या. "पोलिसात जायचं का? कंप्युटरमधी सगळं निघंल."

"बापावर तक्रार करू, मावशी?" ती म्हणाली. "आन् पोलीस शनिवारपर्यंत सही आणून देणार हायेत का?"

नव्हतेच देणार. रतनबाई तिथंच खाली बसल्या, गुडघ्यावर कागद घेतला आणि लिहायला लागल्या. अक्षर अजून सुरेख होतं त्यांचं. 'मी रतनबाई, निवृत्त शाखा डाकपाल, लिहून देते की कुमारी उज्ज्वला हिच्या नावे आलेले पत्र मी दिनांक सहा रोजी उघडले व तिला दिले नाही. यात तिचा काही दोष नाही.' अडतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याचं पाकीट उजेडासमोर धरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सही केली.

उज्ज्वलानं वाचलं आणि कागद ओढायला गेली. "हे खोटं हाय."

"पत्ता मी घालायला लावला. तेवढं खरं हाय. तू नको म्हणत हुतीस."

"मी गावात खरं सांगीन समद्यांना."

"सांग. दुसऱ्या दिवशी संघाला कळंल की कागद खोटा हाय, आन् तू घरी येशील. गप बस अन् सामान बांध."

संध्याकाळच्या आत कागदाचा फोटो सिरसाळ्याच्या एका दुकानातून संघाकडं गेला. शनिवारी सकाळी साहेबांचा फोन आला, रुजू व्हा. रतनबाईंना ते दोन कडक शब्दही बोलले. तुमच्या वयाला शोभतं का, असं काहीतरी. त्या हो साहेब, हो साहेब म्हणाल्या.

सायली एकदा दारात येऊन गेली. "मावशी, त्या प्रोग्रामचा पासवर्ड तुमाला माहीत नव्हता," एवढंच म्हणाली. सायलीनं पुढं कुणाला सांगितलं नाही. तिची नोकरी गेली होती, तरी नाही सांगितलं. सगळ्या प्रकरणात रतनबाईंना मान द्यावासा वाटला तो एवढ्या एका पोरीला, आणि तेही तिला तोंडावर सांगता आलं नाही.

सुंदररावांचं तसं नव्हतं. संघातून त्या कागदाचं कळल्यावर पारावर बसून त्यांनी गावाला सांगितलं, की माझ्या घरात येऊन हिनंच पत्र दाबलं आणि माझ्या पोरांची चौकशी करत फिरली. पेन्शन खाणारी बाई, आणि ही तऱ्हा. विकतचा प्रोग्राम आता त्यांनी कायमचा ठेवला. लोकांना सांगतात, आता कुणाचा मेल हरवणार नाही, बिनघोर माझा पत्ता घाला. लोक घालतात.

अंगदचं लग्न मोडलं. समोरच्यांनी आठ दिवसांत पोरगी दुसरीकडं दिली.

महिन्याभरानं सिरसाळ्याच्या बाजारात रतनबाई मेथी घेत होत्या. पलीकडून बायडाबाई आली. बरोबर चार-पाच बाया होत्या. रतनबाईंना पाहून ती थांबली.

"हीच ती," ती बायांना म्हणाली. "माझ्या पोरीचं नोकरीचं पत्र हिनं दाबलं. देवानंच डोळे उघडले म्हणून पोरगी लागली मार्गाला. ह्या बाईच्या पायी माझ्या पोराचं लग्न मोडलं."

रतनबाईंनी तिच्या डोळ्यांत बघितलं. तिथं कुठं लाज दिसते का, निदान भीती तरी, म्हणून बघितलं. काहीच नव्हतं. बायडाबाई लोकांसमोर खोटं बोलत नव्हती. तिला आता ते खरंच तसं घडल्यासारखं वाटत होतं, आणि ती मनापासून रडत होती.

बायांनी तिला धरून बाजूला नेलं. भाजीवालीनं रतनबाईंच्या हातातली मेथीची जुडी परत घेतली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली.